एका थेंबात शंभर वर्षं

रविवारी सकाळी असोद्याच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे उपाशीपोटी आलेले. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण रक्त तपासायचं म्हणजे पोट रिकामं हवं, एवढं विज्ञान आमच्या गावाला पाठ आहे. पुढचं सगळं महाराजांवर सोडलेलं. मंचावर प्रेमराज महाराज उभे होते. अंगात पांढरा कोट, कोटावर भगवं उपरणं, कपाळाला गंध आणि गळ्यात स्टेथोस्कोप. देव मानणारा असो की डॉक्टर मानणारा, एकही गिऱ्हाईक सुटायला नको.

"बठ्ठं रगतमा शे, भाऊ! रगत खोटं बोलस नही!" धुळ्याकडचे महाराज माइकवर अहिराणीत गरजले, म्हणजे सगळं रक्तातच आहे. "दवाखान्यात सुया भरभरून रक्त ओढतात. मला फक्त एक थेंब द्या, शंभर वर्षांचं आरोग्य सांगतो!"

बोट टोचायचं, थेंब पांढऱ्या कार्डावर टेकवायचा. शेजारी डिंपल नावाची त्यांची मदतनीस लॅपटॉपवर नाव, वय, वजन टाकायची आणि कार्ड लाल दिव्याच्या पेटीत सारायची. पेटी गुरगुरायची, कागद बाहेर यायचा. महाराज कागदावर नजर टाकून तो छातीशी धरायचे, डोळे मिटायचे आणि बोलू लागायचे. जे परगावी असतील त्यांच्यासाठी कार्ड घरी न्यायची सोय होती, कारण थेंब वाळला तरी बोलतो म्हणे.

मी सुलक्षणा, गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. या गर्दीत माझं काय काम? तर खुर्च्या लावत धावणारा तो भूषण माझा नवरा, आणि पहिल्या रांगेत हात जोडून बसलेल्या इंदिराबाई माझ्या सासूबाई.

"माउली," महाराज त्यांचा कागद कपाळाला लावून म्हणाले, "हे रक्त नाही, गंगाजल आहे! साखर डॉक्टरांनी तुमच्या डोक्यात घातलीय, रक्तात नाही. गोळ्या बंद. आणि दवाखान्यात रक्त देऊ नका. सुईगणिक आयुष्य गळतं."

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, कितीतरी वर्षांपासून साखर. जळगावच्या डॉक्टर ललितांनी त्याच महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची आणि किडनीची तपासणी सांगितली होती. ती रद्द झाली. गोळ्या कपाटात गेल्या. त्यात आमच्या केळीच्या बागेत त्यांच्या उजव्या पायाला काहीतरी लागलं आणि अंगठ्याशेजारचं बोट सुजून काळपट दिसू लागलं.

"आई, दाखवून येऊ ना!"

"कायले? मले दुखतच नाही."

"दुखत नाही हीच तर भीती आहे! साखरेनं पायाची जाणीव जाते."

"झालं तुझं लेक्चर?" भूषण खेकसला. "महाराजांनी सांगितलंय रक्त शुद्ध आहे. शाळा शाळेत चालव, घरात नको."

"उद्या आईंचा पाय गेला तर तुमचे महाराज येणार आहेत का खांद्यावर घ्यायला?"

तो ताटावरून उठला.  आईंना उचलून तर नेता येत नाही. आणि त्या माझ्या बोलण्यावर नाही, त्या कागदावर विश्वास ठेवून बसलेल्या. म्हणजे तो कागदच फाडायला हवा होता.

कपडे धुताना मला सुचलं. भूषणचा कापणीचा सदरा हातात होता. केळीचा चीक खोडातून निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, पण वाळला की तांबडा-तपकिरी होतो आणि जन्मात निघत नाही. नवख्या माणसाला वाटावं, कुणाचा खून करून आलाय. अहो, केळीच्या गावात येऊन हा बाबा वाळलेला डाग वाचतो म्हणतो! वाच बाबा.

मी घरी न्यायची दोन कार्डं मागून आणली. बागेत जाऊन एकाच खोडाला चीर दिली आणि दोन्ही कार्डांवर एकेक थेंब टेकवून वाळवला. एकावर लिहिलं, तोताराम, यावल, वय एकसष्ट, वजन ब्याऐंशी. दुसऱ्यावर भाविका, जामनेर, वय बावीस, वजन पंचेचाळीस. दोघंही जगात कुठे नाहीत.

पुढच्या रविवारी मी ती कार्डं डिंपलच्या हाती दिली. महाराजांनी तोतारामांचा कागद छातीशी धरला. "अरेरे! रक्त घट्ट झालंय. हृदयाभोवती चरबी, गुडघ्यात वायू, आणि मनात जमिनीची काळजी!" लोकांनी च्यक् च्यक् केलं. मग भाविका. "पोरीचं रक्त कमी आहे. पाळीचा त्रास. पण घाबरू नका, चूर्ण घेतलं की वर्षात लग्न ठरेल!"

मी उठले. पिशवीतून खोडाचा तुकडा काढला आणि मंचावर विळ्यानं कापला. चीक ठिबकला.

"हेच तोताराम आणि हीच भाविका. दोन्ही थेंब या एका खोडाचे. महाराज, जमिनीची काळजी खोडाला आहे का? आणि याला पाळी कधीपासून येते?"

मागून कुणीतरी खिदळलं आणि सगळं समाजमंदिर हसायला लागलं. चिकाचा डाग ओळखू येणार नाही असा माणूस तिथं एकही नव्हता.

महाराज पक्के होते. हात वर करून म्हणाले, "केळीतही जीव असतो, भगिनी! तिचंही रक्तच! माझ्या यंत्रानं तो जीव ओळखला!"

"मग जीव नसला तर?" मी डिंपलला बाजूला सारलं. पेटीत कार्ड घातलंच नाही. नाव टाकलं इंदिराबाई, वय बावीस, वजन पंचेचाळीस. बटण दाबलं. रिकामी पेटी गुरगुरली आणि कागद आला. मी माइकवर वाचला. भाविकाचाच कागद, शब्द न् शब्द. रक्त कमी, पाळीचा त्रास.

"पेटी रक्ताकडे बघतच नाही," मी म्हणाले. "वय आणि वजन बघते आणि आत भरून ठेवलेला मजकूर छापते. लग्न आणि जमीन महाराज पदरचं घालतात. आई, तुमचं गंगाजलही याच पेटीतलं."

 आई उठल्या, आणि लंगडत थेट बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे गेल्या. भूषण मान खाली घालून मागोमाग.

जळगावात डॉक्टर ललितांनी पाय बघितला आणि भूषणवर असे भडकले की बाहेरच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. "चार दिवस आधी आणलं असतं तर हे बोट राहिलं असतं! कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या थांबवल्या?"  बोट काढावं लागलं. प्रेमराजविरुद्ध आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तरी गावात आजही एखादा सांगतो, "पण माझं त्यानं बरोबर सांगितलं होतं बुवा." साठीच्या माणसाला गुडघेदुखी सांगायला महाराज कशाला हवा? ते तर आमच्या एस.टी.चा कंडक्टरही सांगेल.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्याबाहेर टाय लावलेला एक तरुण आईंच्या समोर आला. हातात चकचकीत पत्रक. "मावशी, फुल बॉडी पॅकेज घ्या. शंभरच्या वर टेस्ट. दीर्घायुष्यासाठी."

आईंनी पत्रक हातात घेतलं नाही. "माही साखर आन् किडनी डॉक्टर तपासताहेत. तुह्या या तपासण्यांनी माह्या गोळ्या बदलतीन का?"

"तसं नाही, पण... माहीत असलेलं बरं."

"कोन्या दुखण्यासाठी हाय ते सांग."

पोरगा पत्रक चाळू लागला.

रक्त तपासा, जरूर तपासा. वय झालं असेल, घरात साखर किंवा हृदयविकार असेल, काही त्रास होत असेल, तर डॉक्टरला विचारून लागेल तेवढंच तपासा. पण थेंब घेणारा भगव्यात असो नाहीतर टायमध्ये, बोट पुढे करण्याआधी त्याला विचारा, हे कशासाठी, आणि उत्तर आलं की काय बदलणार? पोरगा अजून पत्रकच चाळत होता. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून, उरलेल्या चार बोटांवर तोल सांभाळत, पायऱ्या उतरू लागल्या.