अंगठाबहाद्दर

फोटो चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिशीतली मी, कापणीच्या लांबलचक टेबलावर वाकलेली, समोर तपकिरी कागद पसरलेला आणि हातात खडू. भिंतीवर मी माझ्याहून दीडपट मोठी दिसत होते. फोटोखाली चार ओळी होत्या. त्या मी वाचल्या, मग चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

'ही तरुणी पतीसोबत या देशात आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आगमनाच्या अर्जावर तिने सहीऐवजी अंगठा उमटवला. या कारखान्याने तिला काम दिलं, या देशाने तिला अक्षरं दिली. आज तिचा मुलगा पूल बांधतो.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षरं दिली? मला?

ज्या कपड्यांच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं राबले, तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता नगरपालिकेने तिथे वाचनालय केलं होतं आणि खालच्या मजल्यावर जुन्या कामगारांचं प्रदर्शन लावलं होतं. माझ्याकडे फोटो मागायला माझाच मुलगा आला होता. तो त्या समितीवर होता. "मजकुराचं मी बघतो, तू फक्त नटूनथटून ये," असं म्हणाला होता. मी नटून आले होते. इस्त्रीच्या कपड्यात, केसांत पिना घालून, त्या भिंतीपुढे मी उभी होते आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघून मायेने हसत होते. बिचारी म्हातारी, कुठून कुठे आली, असं ते हसू.

माझ्याशेजारी 'कात्री' उभी होती. कारखान्यात ती कापड कापायची, मी त्यावर तुकडे आखायचे. तीही माझ्यासारखीच दुसऱ्या कुठल्या तरी देशातून आलेली. हाताने आणि जिभेने सारखीच धारदार, म्हणून ते नाव. तिने फलक वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कोणाबद्दल आहे ग?"

"माझ्याबद्दल."

"तुला लिहिता येत नव्हतं? मग माझ्या सुट्टीचे अर्ज इतकी वर्षं काय भुताने लिहिले?"

पण त्या चार ओळींतला एक शब्द खरा होता. अंगठा. तो मी दिला होता.

तो दिवस सांगायलाच हवा. बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बोटीतून उतरवून आम्हाला एका लांब दालनात नेलं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, भिंतीला लागून खिडक्यांची रांग. सकाळी आठला उभे राहिलो ते दुपारी दोनला खिडकीशी पोचलो. मुलगा पाच वर्षांचा, माझ्या कमरेला चिकटलेला. माझ्या पिशवीत माझं पदवीचं प्रमाणपत्र होतं आणि शाळेचं पत्र होतं. मी सहा वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. शाळा सोडून निघाले ती ह्यांच्यामुळे. ह्यांना इथल्या गोदीत नोकरी मिळाली होती. इथली भाषा मी पुस्तकातून शिकून आले होते, ह्यांच्यापेक्षा बरी.

खिडकीतल्या कारकुनाच्या कानामागे पेन्सिल होती. ह्यांच्यापुढे त्याने पेन सरकवलं, ह्यांनी सही केली. माझ्यापुढे त्याने शाईची गादी सरकवली.

मी म्हटलं, "मला सही येते."

त्याच्या भाषेत म्हटलं, स्पष्ट म्हटलं. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "सगळ्या बायका असंच म्हणतात. मग पेन हातात धरून बसतात आणि माझा कागद खराब होतो. अंगठा द्या."

मी पिशवीत हात घातला, प्रमाणपत्र काढायला. तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "अगं दे ना. मागे रांग खोळंबली आहे. एका अंगठ्याने काय बिघडतंय?"

कारकुनाने माझं मनगट धरलं, अंगठा गादीवर दाबला, मग कागदावर दाबला. लहान मुलाचा हात धरून गिरवून घेतात तसं. मी गप्प राहिले. नवा देश, कडेला पोर, मागे शंभर माणसं आणि नवऱ्याचा हात दंडावर. गप्प राहिले, हे माझंच चुकलं, ते मी कोणावर ढकलत नाही.

पण काय बिघडलं ते ऐका. त्या कारकुनाने अंगठ्याशेजारी एक शब्द लिहिला होता. तो मला तीन महिन्यांनी दिसला, शिक्षण खात्याच्या कचेरीत. मी शाळेत नोकरी मागायला गेले होते. तिथल्या बाईंनी माझं प्रमाणपत्र बघितलं, मग माझा आगमनाचा कागद मागवून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"इथे तुम्ही निरक्षर असल्याची नोंद आहे," त्या म्हणाल्या.

"ती चुकीची आहे. मी आत्ता तुमच्यासमोर लिहून दाखवते."

"लिहाल हो. पण हे प्रमाणपत्र तुमचंच कशावरून? तुमच्या बहिणीचं असेल, नणंदेचं असेल. अशा गोष्टी चालतात."

मी त्या कचेरीत चार वेळा गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला नोंद दुरुस्त करायचा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी तो अर्ज सापडेना. चौथ्या वेळी मी टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला आणि त्यावर पायथागोरसचा सिद्धांत सिद्ध करून दाखवला, आकृतीसकट. बाईंनी तो कागद कौतुकाने बघितला आणि म्हणाल्या, "छान पाठ केलंय." मी घरी आले, तोंडावर पाणी मारलं आणि कुकर लावला. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात रुजू झाले.

तिथे आधी बाह्या जोडल्या, मग खिसे. एक दिवस कापणीच्या टेबलाजवळून जाताना कापडावर तुकडे कसे मांडलेत ते दिसलं आणि मला राहवेना. पाठ, पुढा, बाही, कॉलर, सगळे सरळ रांगेत, मधे वीत-वीत कापड वाया. मी दुपारच्या सुट्टीत जुन्या कागदावर ते तुकडे फिरवून, उलटे करून, एकात एक बसवून दाखवले. कात्रीने तेवढ्याच कापडात दोन सदरे जास्त काढले. मास्तर, म्हणजे आमच्या विभागाचा मुख्य, डोकं खाजवत राहिला. "कुठे शिकलीस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "शिकले नाही, शिकवत होते." त्याला वाटलं मी विनोद केला. पण दुसऱ्या दिवसापासून मी आखणीच्या टेबलावर. शाळेतला खडू गेला आणि हा आला.

आणि माझा मुलगा? पूल बांधणारा इंजिनिअर? त्याला बीजगणित कोणी शिकवलं? आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी भाजी चिरता चिरता. अपूर्णांकात तो तीन महिने अडकला होता तेव्हा भाकरीचे तुकडे कोणी केले? त्याच्या शाळेतले मास्तर त्याला ढ म्हणत होते, तेव्हा त्या मास्तरांना भेटायला जाऊन त्यांच्याच फळ्यावर त्यांची चूक दाखवली होती मी! हे सगळं त्याला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तो त्यात वाढला होता.

म्हणून जेव्हा उद्घाटनाला तो माइकपुढे उभा राहिला, तेव्हा मला अजून थोडी आशा होती. वाटलं, फलक दुसऱ्या कोणी लिहिला असेल, हा दुरुस्त करेल. समोर पन्नास-साठ माणसं, पहिल्या रांगेत नगराध्यक्ष. मुलाने माझ्याकडे हात केला आणि आवाज जरा ओला करून म्हणाला, "माझ्या आईने या देशात पाऊल ठेवलं तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी तिला अंगठा देताना बघितलंय."

टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी तर वळून मला नमस्कार केला.

कात्रीने मला कोपर मारलं. "तू बोलतेस की मी बोलू?"

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण आवाज कुरकुरला नाही. बावन्न मुलींचा वर्ग एका आवाजात गप्प करायची मी, तो आवाज कुठे जात नाही.

"हा फलक खोटा आहे," मी म्हटलं. "मी गणिताची पदवीधर आहे. इथे यायच्या आधी सहा वर्षं शिक्षिका होते. मला सही येते असं मी सांगितलं, तरी तुमच्या माणसाने माझा हात धरून अंगठा घेतला. त्या अंगठ्यापायी मला परत कधी वर्गात उभं राहता आलं नाही. या देशाने मला अक्षरं दिली नाहीत. माझ्याजवळ होती ती घ्यायलाच तुम्ही नकार दिलात. हे लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर माझा फोटो भिंतीवरून काढा."

कोणी खोकलं. नगराध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. मुलगा माइकपाशी तसाच उभा, कान लालबुंद. मग मागच्या बाजूने एकटी टाळी ऐकू आली. ती कात्रीची होती, आणि ती एकटीच वाजवत राहिली.

बाहेर गाडीपाशी मुलाने मला गाठलं. "आई, काय केलंस तू हे! माझी काय अब्रू राहिली?"

"तुझी अब्रू? आणि भिंतीवर कोणाला टांगलंय?"

"अगं, मी तुझं कौतुकच केलं ना? लोकांना असंच आवडतं. शून्यातून वर आलेली माणसं."

"शून्य म्हणजे काय ते तुला मी शिकवलंय," मी म्हटलं. "आणि मीच तुझं शून्य?"

तो गाडीची किल्ली चाळवत राहिला. मग लहानपणी हरायला लागला की म्हणायचा, तसं म्हणाला, "पण अंगठा दिला होतास ना? मी बघितलंय."

"बघितलंस. ऐकलंस का? मी काय बोलले ते ऐकलंस?"

"मी पाच वर्षांचा होतो, आई."

"आता सत्तेचाळीसचा आहेस. मधल्या काळात कधी विचारायला काय झालं होतं?"

त्याने गाडीचं दार उघडून धरलं. मी त्याच्या गाडीत बसले नाही. कात्रीबरोबर बसने घरी आले. बसमध्ये ती बडबडत होती आणि मला मात्र ह्यांचा राग येत होता. हे जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर कसलं रागवायचं, असं सूनबाई मला नेहमी सांगते. मी रागावते. जन्मभर भला माणूस होता, माझ्या पगाराला कधी हात लावला नाही, आजारपणात माझे पाय चेपले. पण त्या दिवशी त्याला मागची रांग दिसली, शेजारी उभी असलेली बायको दिसली नाही.

दोन दिवसांनी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. म्हणाल्या, मजकूर बदलू, पण अंगठ्याचा भाग वगळला तर सगळ्यांनाच सोयीचं होईल. नुसतं 'माजी शिक्षिका' असं लिहू का?

"नाही," मी म्हटलं. "अंगठा राहील. कोणी घेतला आणि कसा घेतला, तेही राहील. मजकूर मी लिहून देते."

मी लिहून दिला. त्यांनी तीनदा परत पाठवला. एकदा 'हात धरून' खटकलं, एकदा 'नकार' खटकला, एकदा म्हणे लांबी जास्त झाली. लांबी मी मोजली, आधीच्या मजकुरापेक्षा सात शब्दच जास्त होते. मी एक शब्द हलवला नाही. तिसऱ्या वेळी कात्री माझ्याबरोबर आली आणि ग्रंथपाल बाईंच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली, काही न बोलता. त्या महिन्याच्या शेवटी नवा फलक लागला. तोवर नगराध्यक्षांना त्याबद्दल बोलायला वेळ मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही.

मुलगा दोन महिने आला नाही. सूनबाई यायची, डबा ठेवायची, विषय काढायची नाही. मग एका रविवारी सकाळी तो एकटाच आला. स्वयंपाकघरात बसला. मी त्याला चहा दिला.

"फलक बघून आलो," तो म्हणाला.

"बरं."

"कामावरचे लोक विचारतात, आधी वेगळं का सांगितलंस."

"मग काय सांगतोस?"

त्याने कप फिरवला. "काय सांगू तेच कळत नाही."

"'मी खोटं बोललो' असं सांग. तीन शब्द आहेत."

त्याने मान खाली घातली. माझ्या पोटचं पोर, केस पिकलेले, मला वाईट वाटलं. पण मी पुढे होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. हाच हात मी सगळ्यांच्या पाठीवरून बेचाळीस वर्षं फिरवला होता आणि त्यातूनच हे निघालं होतं.

कप खाली ठेवून तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सांगतो. सगळ्यांना. जेवणाच्या सुट्टीत."

"सांगून झालं की ये," मी म्हटलं. "तोवर येऊ नकोस."

तो उठला, कप विसळून ठेवला आणि गेला. मी दाराची कडी लावली आणि राहिलेला चहा उभ्यानेच पिऊन टाकला. गार झाला होता.