क्षणभर आधी

मी एक छोटा मुकुट बोलतोय. राजाचा नव्हे, राज्याभिषेकाला सरदार घालतात तो. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मधली बरीच वर्षं मी पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात काढली. त्या अंधारात काय आठवलं नि काय मागाहून रचलं, माझं मलाच सांगता येत नाही.

चांदीचा घडलो, सोन्याचं पाणी चढलं, आत लाल मखमल. लॉर्ड ऑब्री वेक्सकोम हे माझे शेवटचे धनी. त्यांची आजी जुन्या राजाची चुलतबहीण. नातं दूरचं, पण दर नाताळला राजवाड्यात जेवायचं बोलावणं येई, आणि त्या एका जेवणावर साहेब वर्षभर जगत.

नव्या राजाचा अभिषेक तासन्‌तास चालला. जो तो आपल्या मुकुटात सँडविच दडवून आला होता. आमच्यातलं हॅम-मोहरीचं साहेबांनी केव्हाच संपवलं होतं. रीत अशी की राजाच्या डोक्यावर मुकुट टेकला, की मगच सरदारांनी आपले चढवायचे. शेजारच्या म्हाताऱ्या सरदारानं डोकं खाजवायला हात उचलला. साहेबांना वाटलं, वेळ झाली. मी डोक्यावर! राजाचा मुकुट अजून आर्चबिशपच्या हातात, अधांतरी.

"काढ तो, ऑब्री!" म्हातारा पुटपुटला. "की आज तुझाच अभिषेक आहे?"

घरी बहीण ऑनर हसून म्हणाली, "अरे, तुझ्याकडे बघायला सवड कुणाला होती?"

"पाहिलं गं राजघराण्यातल्यांनी. तिथं कुणी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही."

"मग नाताळला जा आणि माफी माग."

"कुठल्या तोंडानं?"

त्या नाताळला त्यांनी पडसं झाल्याचं कळवलं. पुढच्या वर्षी गुडघा. मग बोलावणंच थांबलं.

"बघितलंस?" साहेब म्हणाले.

"दोनदा दार तूच लावलंस," ऑनर म्हणाली, "आणि आता म्हणतोस, घर बंद आहे."

साहेब खोलीत येरझारा घालत, मध्येच पेटी उघडून मला बघत, पुन्हा मिटत. असेच ते गेले.

आता मी संग्रहालयात, काचेआड आहे. मखमलीवरचा मोहरीचा डाग तेवढा पुसू नका, एवढंच मागणं. गेल्या हिवाळ्यात समोरच्या भिंतीवर त्या सोहळ्याची चित्रफीत लावली, राजघराण्याच्या आसनांमागून टिपलेली. मी धसक्यानं आमची रांग शोधली; पुन्हा पुन्हा शोधली. ती दिसत नाही. तिथे मध्ये एक जाडजूड दगडी खांब आहे.