गुरम्मांच्या ओळींची जागा

सिद्धलिंगप्पांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांच्या भजनी मंडळाने ठरवलं की स्मरणाच्या दिवशी भाषणं नकोत, त्यांचाच आवाज ऐकवायचा. आवाज माझ्याकडे होता. वाचनालयाच्या स्पूल टेपरेकॉर्डरवर मी त्यांच्या घरी बसून बारा ओळींचं एक भजन उतरवून घेतलं होतं. दुसरीकडे कुठेही काही नव्हतं. यंत्रातलं मला जे थोडं कळतं ते पुस्तकातून. तरी काम माझ्यावर आलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

कार्यक्रम संध्याकाळी सातचा होता. माइकवाल्या जोतीरामने मला तीनलाच बोलावलं.

"गर्दी आल्यावर तपासायचं नसतंय, मास्तर. रिकाम्या हॉलात आवाज घुमतो, माणसं बसली की दबतो. त्यो हिशेब आत्ताच धरायचा."

पुस्तकात वाचलं होतं तसा मी टेपरेकॉर्डरपुढे माइक धरून उभा होतो.

"आन ते ठेवा की खाली. नवरदेवाला आरसा दाखवल्यागत काय धरलंय? वायर थेट जोडू."

आधी पाच मिनिटांची मुकी फिल्म होती, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मंडळातल्या एकाने घेतलेली. प्रोजेक्टरची खडखड आत नको म्हणून जोतीरामने तो व्हरांड्यात, खिडकीच्या पलीकडे ठेवला आणि बाकीच्या खिडक्यांवर गोणपाटं लावली.

चार वाजता सिद्धलिंगप्पांच्या पत्नी गुरम्मा आल्या आणि पुढच्या सतरंजीवर बसल्या. तपासायला लावलेल्या फिल्ममध्ये, भिंतीवर सिद्धलिंगप्पा चालता चालता मागे वळून बघत होते.

"हितं थांबवता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, अक्का," जोतीराम म्हणाला. "दिव्यापुढं फिल्म थांबली की जळती."

मग मी टेप लावली. पहिली ओळ झाली. गुरम्मांनी ती परत म्हणायला तोंड उघडलं, तोवर दुसरी सुरू झाली. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. मी टेप बंद केली.

"मास्तर, मी कुटं हाय ह्यात?"

मला कळलं नाही.

"त्या दिवशी मी आत भाकरी करत होते. त्यांची ओळ झाली की माझी. तुमी म्हणालात, अक्का, हे पण येतंय म्हणून."

म्हणालो होतो. पण घरी ऐकताना दोन ओळींच्या मधे दूरचा, पुसट आवाज आणि भाकरीची थापथाप होती. मला तो दोष वाटला. मी ब्लेडने ते तुकडे कापले आणि पांढरी चिकट फीत लावून ओळीला ओळ जोडली. छापील पानासारखी टेप स्वच्छ झाली, असं वाटून चार दिवस मी मनात खूशही होतो.

हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"तुकडे?"

"टाकून दिले, अक्का."

भजनात दिलेली ओळ परत यावी लागते. परत आली नाही, तर ती म्हटल्यासारखीच होत नाही. इतकी वर्षं मंडळात मागे बसून ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळायला हवं होतं.

"मग लोकांनी म्हणायचं कदी?" त्या म्हणाल्या. "आन मी कदी? ते तर गाडी चुकल्यागत पळतायत."

जोतीराम वाकून टेप बघत होता. "फिल्म थांबत न्हाय, पर टेप थांबती की. ह्या पट्टीवर बोट ठेवा. दाबली की चाकं थांबत्यात, सोडली की चालू. आवाजाच्या बटणाला हात लावू नका. तुमचे हे पांढरे जोड दिसत्यात न्हवं? जोड आला की दाबायचं."

"आणि सोडायचं केव्हा?"

"अक्का मान हलवतील."

तीन ओळींचा सराव झाला. मग लोक यायला लागले.

सातला हॉल भरला. फिल्म संपली, भिंत पांढरी झाली. पहिली ओळ झाली, जोड आला, मी दाबलं. मग गुरम्मांनी एकटीने ओळ घेतली आणि त्यांच्यामागून सगळ्या हॉलने. त्यांनी मान हलवली. मी सोडलं.

अकरा ओळी अशा झाल्या. अकरावीनंतर लोकांचं म्हणून झालं, पण गुरम्मांची मान हलली नाही. त्या चाकाकडे बघत होत्या. एकच ओळ उरली होती. कुणीतरी खोकलं. जोतीरामने माझ्याकडे पाहिलं. मी बोट उचललं नाही. एकदा त्यांची वेळ मी कापली होती.

मग त्यांनी पदर नीट केला आणि मान हलवली.

बारावी ओळ झाली. मी जोडाची वाट बघत राहिलो आणि जोड आला नाही. पुढे जोडायला ओळच नव्हती, म्हणून तिथे मी काही कापलं नव्हतं. ते मी विसरून गेलो होतो. टेप फिरत राहिली आणि भोंग्यातून भाकरीची थापथाप आली, आणि मग आतल्या खोलीतून एक बाई ती ओळ परत म्हणू लागली.

लोकांनी तोंड उघडलं होतं, ते तसेच थांबले. गुरम्मांनीही म्हटलं नाही. हात मांडीवर ठेवून त्या ऐकत बसल्या.

मी बोट पट्टीवरून काढून घेतलं.