अभिप्रायाचे अडतीस कागद

आमचे मुख्याध्यापक कुठल्यातरी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जातात आणि येताना एखादं खूळ घेऊन येतात. शिक्षकांच्या खोलीत त्यांना उपक्रमसर म्हणतात. गेल्या वर्षीचं खूळ होतं विद्यार्थ्यांचा अभिप्राय. म्हणजे ज्यांना अजून वहीला धड कव्हर घालता येत नाही, त्यांनी सांगायचं की दहावीचं इंग्रजी कसं शिकवावं! फॉर्मवर नाव घालायचं नाही. का, तर मुलं मोकळेपणानं लिहितील.

मला हसू आलं. अकरा वर्षं या शाळेत दहावीच्या वह्या तपासतोय; नाव काय झाकता? अक्षरावरून पोर तर ओळखतोच, वर ते घाईत लिहिलंय की बाकावर डोकं टेकून, हेही सांगतो. गेल्या वर्षी एका फॉर्मवर होतं, 'सर शंका विचारू देत नाहीत.' दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीचं अक्षर. तिला उभं केलं, फॉर्म वर्गासमोर वाचला आणि म्हटलं, "विचारा बाईसाहेब, काय शंका आहे?" वर्ग पोट धरून हसला. तिनं वर्षभर पुन्हा तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, चला, एक कटकट मिटली.

यंदा मात्र उपक्रमसरांनी कहर केला. "अभिप्राय वाचा, शिकवण्यात काय बदल करणार ते लिहून द्या. त्यावरून पुढच्या वर्षी दहावी कुणाला द्यायची ते ठरवू."

मला धमकी! आणि पुढच्या वर्षीची दहावी तर मला हवीच होती. माझी मुलगी याच शाळेत नववीत आहे. तिला वर्गात बसवून शिकवायचं, हे ती पाटीवर रेघोट्या मारायची तेव्हापासून मी मनात धरून होतो. दुसऱ्या कुणी तिला इंग्रजी शिकवावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात गठ्ठा घेऊन बसलो. 'सर धडा वाचतात आणि लगेच उत्तरं फळ्यावर लिहितात. आम्ही फक्त उतरवतो.' मग काय, तुमच्या उत्तरांची वाट बघत म्हातारा होऊ? 'इंग्रजी बोलायची भीती वाटते. चुकलं की सर नक्कल करतात.' अरे वा, नाजूक राजकुमार! हा कोण, ते बघायला कागद उजेडात धरला आणि थांबलो. मागचा पुन्हा पाहिला. उरलेले भराभर उलटले. अडतीस मुलं, अडतीस कागद, प्रत्येकाचं म्हणणं निराळं आणि अक्षर एकच.

आधी आनंदच झाला. बनावट! हे मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटले की अभिप्राय रद्द, दहावी माझी. मग अक्षर नीट पाहिलं. आधी ओळीतले सगळे शब्द लिहून घ्यायचे आणि मग एकाच दमात वरची रेघ ओढायची, कपडे वाळत घालायची दोरी ताणावी तशी. ही सवय मीच लावली होती, घरी, स्वतःच्या शेजारी बसवून.

घरी गेलो तेव्हा मुलगी दप्तर भरत होती. कागद तिच्यासमोर टाकले.

"हे काय आहे?"

"फॉर्म." तिनं नजर चुकवली नाही. "दहावीच्या मुलांनी कच्चं लिहून दिलं, मी उतरवलं. तुम्ही सगळ्यांचं अक्षर ओळखता ना."

"आणि तुझं ओळखणार नाही, असं वाटलं?"

"ओळखाल हे माहीतच होतं. पण मला उभं करून माझ्यावर वर्ग हसवणार नाही ना तुम्ही."

माझा पारा चढला. "उद्या हे वर दाखवलं तर सगळे रद्द होतील. तुला शिक्षा होईल ती वेगळीच."

"होऊ दे."

"अगं, कुणासाठी चाललंय हे सगळं? पुढच्या वर्षी तू माझ्या वर्गात असावीस म्हणून!"

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदा कापला. "तेव्हा माझा फॉर्म कुणाकडून लिहून घेऊ, बाबा?"