पाच गाठींचा शर्ट

मुलीचा निरोप शुक्रवारी आला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण निरोप मोबाईलवरच. 'बाबा, रविवारी दहाला फोटोवाला येतोय. तुमच्याच हॉलमध्ये काढायचा आहे. कपडे हॉलला शोभतील असे हवेत. भिंत शेवाळी, सोफा वाळूच्या रंगाचा. आम्ही तिघं बदामी आणि क्रीममध्ये. तुम्ही भिंतीच्या जवळपासचं काहीतरी घाला. भडक अजिबात नको.'

माणसांनी सोफ्याला शोभायचं, असे दिवस आलेत. असो. माझी अडचण वेगळीच होती. माझ्या हॉलची भिंत शेवाळी आहे, हे मला तो निरोप वाचून कळलं.

लाल आणि हिरवा यांतला फरक मला दिसत नाही. जन्मापासूनच. शेवाळी, विटकरी, तपकिरी ही सगळी मंडळी माझ्या डोळ्यांना एकाच मातीची. तरुणपणी रेल्वेचं इंजिन चालवायची नोकरी हातात आल्यासारखी होती. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि तिथेच बारा वाजले. पुढे महिनाभर मित्र माझ्या नाकासमोर टोमॅटो धरून 'बोल, पिकला की कच्चा?' असं विचारत. तेव्हापासून मी याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुलपं आणि किल्ल्यांचा धंदा धरला. कुलपाचा रंग कोणी विचारत नाही.

माहीत होतं ते फक्त बायकोला. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला हिरवा दोरा आणायला पाठवलं आणि मी ऐटीत लाल रीळ आणून तिच्या हातात ठेवलं. ती पोट धरून हसली. मी तोंड पाडून बसलो आणि मग सगळं सांगून टाकलं. त्यावरून तिने आयुष्यभर माझी चेष्टा केली, पण चारचौघांत एकदाही नाही. त्याच लाल दोऱ्याने तिने माझ्या कपड्यांना गाठी मारल्या. शर्टाच्या कॉलरच्या आत, पँटच्या कमरपट्टीच्या आत. एका गाठीचा शर्ट एका गाठीच्या पँटवर, दोन गाठींचा दोन गाठींच्या. अशा चार जोड्या. किल्ल्या घासणाऱ्याची बोटं माझी, न बघताही मला कळायचं. लोक म्हणायचे, किल्लीवाल्याला कपड्यांची भारी समज. ती शेजारी उभी राहून गंभीरपणे म्हणायची, "हो ना, फार चोखंदळ आहेत."

शेवटच्या वर्षी तिची नजर अधू झाली. अंथरुणालाही खिळली, म्हणून तिची खाट हॉलमध्ये खिडकीशी आणली. एक दिवस उशाखालून तिने एक नवा शर्ट काढून माझ्या हातात दिला. कॉलरच्या आत बोट फिरवलं तर पाच गाठी, जरा वेड्यावाकड्या. पाच गाठींची पँट तर कपाटात नव्हती.

"याची जोडी कुठे आहे?" मी विचारलं.

"घाला आधी, मग सांगते."

मी तो उजेडात धरला. मला नुसता मातकट दिसला. "हा असला चिखलाच्या रंगाचा? राहू दे, कुठे जायचं असेल तेव्हा घालीन," म्हटलं. तिने पुढे आणखी दोनदा आठवण करून दिली. मी दोन्ही वेळा 'उद्या' म्हणालो. मग तिने विचारणं सोडलं, आणि सहा महिन्यांनी ती गेली. पाच म्हणजे काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

ती गेल्यावर मुलीने हॉल नव्याने सजवून घेतला. भिंत रंगवली, पडदे बदलले, खाट काढून तिथे एक कुंडी ठेवली. मला हौसेने सगळं दाखवलं. मी 'छान, छान' म्हणालो. बायको असती तर स्वयंपाकघरात गाठून हळूच कानात सांगितलं असतं, भिंत अमुक, पडदे तमुक. आता दोन वर्षं मी ज्या हॉलमध्ये बसतो, त्याचा रंग मला शुक्रवारपर्यंत माहीत नव्हता. चहाच्या वेळी तर मला तिची इतकी आठवण येते की कधीकधी मी कुंडीकडे बघून बोलतो.

शनिवारी सगळे शर्ट काढले आणि एकेक भिंतीला लावून बघितला. एक गाठ, फिका. दोन गाठी, त्याहून फिका. शेवटी पाच गाठींचा काढला, घडीही न मोडलेला. भिंतीला लावला आणि तो भिंतीतच मिसळून गेला! अगदी हुबेहूब. मला केवढा आनंद झाला. कुंडीकडे वळून म्हटलं, "बघितलंस? तुझ्यावाचून जमलं." आणि ते म्हणता म्हणता डोळे भरून आले.

रविवारी दहाच्या ठोक्याला सगळे हजर. मुलगी, जावई, नात, तिघंही बिस्किटाच्या पुड्यातून काढल्यासारखे. मी शर्ट घालून, केस विंचरून भिंतीला पाठ लावून उभा होतो. फोटोवाला दिवा लावत होता, तो मध्येच थांबला. जावई आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"आजोबा आगीचा बंब!" नातीने टाळ्या पिटल्या.

मुलीने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. "बाबा, काय घातलंय हे?"

"भिंतीच्या जवळपासचं."

"चेष्टा करताय माझी?" तिचा आवाज चढला. "आणि घालायचाच होता तर आई असताना का नाही घातलात? आज बरा आठवला!"

"तुला काय माहीत या शर्टाचं?"

"मीच आणलाय तो. चार दुकानं पालथी घातली. आई म्हणाली होती, सगळ्यात लालभडक असेल तो आण. म्हणाली, मला आता सगळी माणसं पुसट दिसतात, त्यातला तुझा बाप कुठला ते कळत नाही. लाल तेवढा अजून दिसतो गं." ती ओट्याला टेकली. "रोज मला विचारायची, घातला का गं त्यांनी? मी नाही म्हणायचे. शेवटी म्हणाली, जाऊ दे, आवडला नसेल. मी तुम्हाला कधी बोलले नाही, बाबा. पण आईचं तेवढंही तुम्ही ऐकलं नाहीत, हे मी विसरू शकत नाही."

नजर अधू आहे हे मला माहीत होतं. मी तिला पुसट दिसतो, हे तिने मला कळूच दिलं नव्हतं. मी आलो की माझ्याकडे तोंड करून हसायची. पायांचा आवाज ओळखून हसत असणार.

"लाल आहे हा?" मी विचारलं.

"म्हणजे काय?"

"मला भिंतीसारखाच दिसतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मी मूठ उघडली. ठिपक्यांचं पुस्तक, टोमॅटो, हिरवा दोरा, सगळं सांगितलं. कॉलर उलटून गाठी दाखवल्या. तिने त्यांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि पाचवीवर थांबली.

"मला नुसतं सांगितलं असतं तरी..." ती म्हणाली.

"तिने मला सांगितलं असतं तरी," मी म्हणालो. "अगं, रात्रंदिवस अंगावरून काढला नसता. राखाडी शर्ट घालून सहा महिने तिच्यासमोर येत-जात होतो मी."

मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. मीही रडलो. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

बाहेरून फोटोवाल्याने हाक मारली. मुलीच्या पिशवीत माझ्यासाठी एक बदामी शर्ट होताच. ती मला ओळखून आहे. मी बटणं काढायला लागलो, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे."

"अगं, तुझा सोफा, तुझी भिंत..."

"राहू दे म्हणते ना!"

बाहेर येऊन तिने मला कडेला नाही, मधोमध उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे कॅमेऱ्याकडे बघा." मी खिडकीकडे बघत होतो, जिथे खाट होती तिकडे. "काका, इकडे!" तो पुन्हा म्हणाला.

"त्यांना बघू दे तिकडे," मुलगी म्हणाली. "तुम्ही काढा."

तो फोटो आता हॉलमध्ये लागला आहे. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो की सगळ्यांच्या आधी नजर लाल शर्टावरच जाते. मला काही ते दिसत नाही. माझ्या डोळ्यांना मी त्या भिंतीत मिसळून गेलेलाच दिसतो. तिला मात्र लगेच सापडलो असतो.