कॅचरचा मास्क

रविवारी सकाळी शंभूच्या घरी आम्ही कॉलेजच्या बेसबॉल संघातले तिघे जमलो. शंभू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; अभिनव आणि मी कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून तो झेलणारे. पुण्यात या खेळाचं वेड असलेली माणसं एका रिक्षात मावतील, म्हणून तर तीस वर्षांनीही आमचं जमतं. शंभूने बेसबॉलच्या इतिहासावरचा एक सिनेमा लावला होता. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या संघात घेत नसत, त्यांचे सामने वेगळे, हॉटेलं वेगळी, हे सगळं त्यात होतं.

सिनेमा संपल्यावर सगळ्यांत जास्त मीच बोललो. ही माणसं होती की कोण, असंही तावातावाने विचारलं. शंभूने माझीच री ओढली. अभिनव चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. त्याच्याकडे लक्ष गेलं आणि मला संघाचा मास्क आठवला.

कॅचरच्या तोंडावर जाळीचा मास्क लागतो. आमच्या संघाकडे तो एकच होता. अर्धा सामना अभिनवने घालायचा, मग मी. तो बौद्ध आहे हे मला पहिल्याच दिवशी आडनावावरून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, मला दुसऱ्याच्या घामाची ॲलर्जी आहे. वडिलांनी नवा मास्क घेऊन दिला. अभिनव ‘असू दे’ एवढंच म्हणाला. शंभूची घामट टोपी मात्र मी खुशाल घालायचो.

त्यानंतर अभिनव संघाचा मास्क रोज साबणाने धुऊन मैदानाच्या कुंपणावर वाळत घालायचा. बिचाऱ्याला माझी थाप खरी वाटली, अशी मी समजूत करून घेतली आणि तीस वर्षं निवांत राहिलो. आज ते जमेना. स्वतःची किळस आली.

तो निघाला तेव्हा मी खाली स्कूटरपाशी त्याला गाठलं.

“अभिनव, मला ॲलर्जी कधीच नव्हती.”

“माहीत आहे. शंभूची टोपी घालायचास की.”

“मग मास्क का धुवायचास?”

तो हेल्मेटचा पट्टा लावत होता.

“अठरा वर्षांचा होतो रे. वाटायचं, स्वच्छ धुतला तर घालशील.”

मी माफी मागितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि स्कूटर सुरू केली. या वेळी तो ‘असू दे’ म्हणाला नाही.