हरिचंद गुरुजींची मान

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावरच्या शाळेत निलम जूनमध्ये रुजू झाली. डी.एड.ला ती जिल्ह्यात दुसरी आलेली, गणितात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सात आठे किती?"

वर्गात एकोणीस लेकरं. सगळ्यांनी एकदमच मागच्या उघड्या दाराकडं पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छप्पन्न."

दारात कुणीच नव्हतं. पण प्रत्येक प्रश्नाला हेच होऊ लागलं. आधी दाराकडं नजर, मग उत्तर. चौथ्या दिवशी तिनं साक्षीला जवळ बोलावलं.

"तिकडं काय बघता गं?"

"गुरुजी मान हलवतात, बाई. मग आमी सांगतो."

"कोण गुरुजी?"

"हरिचंद गुरुजी."

हरिचंद गुरुजी फेब्रुवारीत याच शाळेच्या ओट्यावर छातीत कळ येऊन गेले होते.

"ते उत्तर सांगतात तुम्हाला?"

"न्हाई. उत्तर चुकलं तरी मान हलवतात. सांग, भिऊ नको म्हणून."

निलमनं दार लावून घेतलं, आतून कडी घातली. त्या दिवसापासून वर्गात कुणी तोंड उघडलं नाही. लेकरं नुसती दाराच्या बंद फळ्यांकडं बघत बसायची. आठवड्यात हजेरी एकोणीसवरून अकरावर आली.

एका दुपारी वैतागून ती विकासवर ओरडली, "मठ्ठ आहेस तू!"

मागच्या बंद दारापाशी कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या, जाणत्या माणसाचं खाकरणं. निलमनं जाऊन पाहिलं, कडी तशीच होती. विकास रडत होता आणि बाकीची लेकरं, जणू काही झालंच नाही अशी, दाराकडं बघत होती.

शाळा सुटल्यावर ती थेट साक्षीच्या घरी गेली. साक्षीची आई पारुबाई तूर निवडत बसली होती.

"गुरुजी फार छान शिकवायचे का हो?"

पारुबाई हसली. "कायचं! भागाकारात तर लेकरांसारखेच अडायचे. पण पोरगं आलं न्हाई की दारात हजर. आमी ऊसतोडीला गेलो तर लेकरं जेवली का म्हणून फोन. आमची बोली शिकले. तुमाला महिना होऊन राहिला, बाई. तुमी आज आल्या."

पारुबाईनं तिच्यापुढं भाकरी ठेवली. निलम खाली बसून जेवली. दुसऱ्या दिवशी विकासच्या घरी गेली, त्याच्यासमोर त्याच्या आईची माफी मागितली. मग रोज एक घर. आईला 'याडी' म्हणतात हे कळलं, विकासला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हेही कळलं. त्याला तिनं पुढं, उजवा कान आपल्याकडं येईल असं बसवलं. दाराची कडीही काढली.

गणपतीपर्यंत एकोणीसच्या एकोणीस लेकरं येऊ लागली. प्रश्न विचारला की आता ती निलमकडं बघायची. ती मान हलवायची. विकाससुद्धा उत्तर द्यायला लागला.

एकदा मोठा भागाकार समजावताना तिनं न राहवून साक्षीला हळूच विचारलं, "गुरुजी गेले का गं?"

"न्हाई, बाई. पण आता मान हलवत न्हाईत."

"मग काय करतात?"

"मांडी घालून खाली बसलेत. तुमच्या फळ्यावरचं उतरवून घेऊन राहिले."

निलमनं वळून पाहिलं. दारापाशी सतरंजीचा कोपरा रिकामाच होता. तिकडं बघतच तिनं फळा पुसला.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."